पावती कुणाच्या नावाने फाडू?

बिबवेवाडी, पुणे.

रायगडावरच्या समाधीस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

हे पत्र महाराजांना नाही, तुला आहे, हे आधीच सांगते. महाराजांना पत्र लिहिण्याइतकी माझी पोच नाही, आणि त्यांच्या वतीने बोलणारे आजकाल पुष्कळ झालेत. मी लिहितेय ते जगदीश्वराच्या पूर्वेच्या दारापलीकडे ऊनपाऊस खात उभ्या असलेल्या अष्टकोनी दगडी चौथऱ्याला, आणि त्याच्या डोक्यावर अडीचशे वर्षांनी आलेल्या छत्रीला. विठोबाला आम्ही अरेतुरे करतो, तशीच तुला ‘तू’ म्हणतेय. राग मानू नकोस.

माझी ओळख म्हणजे बँकेत सदतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढलेली एक बाई. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात सोसायटीच्या गणेश मंडळाने मला खजिनदार केलं. अध्यक्ष व्हायला चार जण तयार होते, हिशेब कुणालाच नको होता. तेव्हापासून आमच्या गल्लीत माझी ख्याती ‘पावतीवाल्या काकू’ अशी आहे. बिबवेवाडी तुला माहीत असायचं कारण नाही. एके काळचं लहान गाव, आता अप्परच्या डोंगरापर्यंत चढलेली वस्ती. खाली मार्केटयार्ड, पलीकडे स्वारगेट. तुझ्याकडे यायला भोरवरून वरंधा घाट उतरायचा, तो चालू असला तर.

पत्राचं निमित्त असं झालं. पावसाळा संपता संपता आमच्या वरच्या मजल्यावरचा पोरगा आणि त्याचे तीन मित्र दारात उभे राहिले. काळे टीशर्ट, पाठीवर जगदंब. एकाने मोबाईल पुढे केला, त्यावर चौकटीचौकटीचा तो कोड. “काकू, गडसंवर्धनाला वर्गणी.”

मी विचारलं, “पावती?”

“काकू, स्क्रीनशॉट असतो ना.”

स्क्रीनशॉट तुझ्याकडे राहतो रे, मी म्हटलं, तो पैसा कुणाच्या खात्यात गेला, कशावर खर्च झाला, उरला किती, हे मला कुठे दिसणार? पोरं गडबडली. वाईट नव्हती. दर रविवारी पहाटे चारला उठून कुठल्यातरी गडावर जाऊन टाक्यातला गाळ उपसणारी पोरं. पण खातं एकाच्या वैयक्तिक नावावर, हिशेब व्हॉट्सअ‍ॅपवर. मी त्यांना जिन्यातच बसवलं आणि तुझी गोष्ट सांगितली. म्हणजे अर्धी सांगितली, कारण कुकरच्या शिट्ट्या झाल्या. राहिलेली अर्धी नीट जुळवायची म्हणून हे लिहायला बसले, आणि मग वाटलं, जिची गोष्ट तिलाच लिहावी.

तुझ्या बाबतीत लोक एका प्रश्नावरून भांडतात, तुला शोधलं कुणी? एक बाजू जोतीराव फुल्यांचं नाव घेते. १८६९ मध्ये त्यांनी महाराजांवर पोवाडा रचला, आणि त्याच सुमारास ते गडावर जाऊन तुझ्यावरचा पालापाचोळा काढून फुलं वाहून आले, असं सत्यशोधकी परंपरा सांगते. दुसरी बाजू टिळकांचं नाव घेते. निवडणुका जवळ आल्या की हा वाद हमखास तापतो. मला त्यात उतरायचं नाही. हिशेबनीस बाईला ‘शोधलं कुणी’ यापेक्षा एक वेगळाच प्रश्न पडतो. झाडलं कुणी? सापडायला एक दिवस पुरतो. झाडणं मात्र रोजचं.

आणि तू हरवलीस तरी कशी? ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. नऊच वर्षांत गड मुघलांकडे गेला, त्याचं नावसुद्धा बदललं. पुढे १७३० च्या दशकात तो पुन्हा मराठ्यांकडे आला खरा, पण राजधानी साताऱ्याला, कारभार पुण्याला, आणि तू मात्र कोकणातल्या एका उंच डोंगरावर. राज्य असेपर्यंत निदान दिव्याला तेल घालणारं कुणीतरी होतं. मे १८१८ मध्ये इंग्रज कर्नल प्रॉथरच्या तोफा लागल्या. तेव्हा दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणशीबाई गडावर होत्या. आगीत वाडे जळाले, गड पडला. मग गडावर ना गडकरी उरला ना बाजारपेठ. राहिला तो सह्याद्रीचा पाऊस, आणि त्यानंतर उगवणारं रान.

इमारतीला मारतं ते हेच, तोफ नव्हे. तोफ एकदा येते, पाऊस दर वर्षी येतो. दगडाच्या सांध्यातला चुना धुऊन जातो, फटीत पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं, ते रुजतं. पहिल्या वर्षी दोन पानं. ती चिमटीने खुडली असती तर काम संपलं होतं. दहाव्या वर्षी मूळ मनगटाएवढं होतं आणि घडीव चिरा ढकलून बाहेर काढतं. तेव्हा ते मूळ उपटताही येत नाही, कारण आता त्यानेच चिरे धरून ठेवलेले असतात. जाणकार मग झाड वरून छाटतात, मूळ जागीच मारतात, ते वाळू देतात आणि मग पोकळी भरतात. दोन पानांचा आळस केवढ्याला पडतो!

१८८३ मध्ये जेम्स डग्लस नावाच्या इंग्रज लेखकाचं मुंबईवरचं पुस्तक निघालं. तुझी अवस्था पाहून त्याने लिहिलं ते असं, की ज्याने एवढं राज्य उभं केलं त्याच्या समाधीची वास्तपुस्त करायला त्याच्या मुलखातला एकही माणूस नाही. परक्याने केलेला हा उल्लेख लोकांना झोंबला. वसईकर गोविंद बाबाजी जोशी पदरमोड करून गडावर गेले, स्वतःच्या डोळ्यांनी तुला पाहिलं आणि आल्यावर त्याचं वर्णन छापून लोकांपुढे ठेवलं. मला या जोशींबद्दल फार आपुलकी वाटते. रोपवे नव्हता, डांबरी रस्ता नव्हता, वर राहायला छप्पर नव्हतं. कुणी पाठवलंही नव्हतं. पुतळे त्यांचे कुठे नाहीत.

आरडाओरडा झाल्यावर सरकारने तुझ्या देखभालीसाठी रक्कम मंजूर केली. वर्षाला रुपये पाच.

पोरांना मी हे सांगितलं तेव्हा ती हसली. एक म्हणाला, “काकू, तेव्हाचे पाच म्हणजे आत्ताचे खूप असतील.” म्हटलं, चल, हिशेब करू. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे. पाच रुपयांचे झाले तीनशे वीस. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. म्हणजे शिवाजी महाराजांच्या समाधीसाठी रोज एक पैसासुद्धा नाही. पंचेचाळीस दिवस तर कोरडेच.

पण गंमत बघ, त्या पाच रुपयांची मी नुसती थट्टा करू शकत नाही. रक्कम अपमानास्पद होती, हे खरंच. तरी त्यात एक शब्द होता, ‘वर्षाला’. देणगी एकदा येते, तिचा फोटो निघतो. दर वर्षी ठरलेल्या दिवशी येणारी रक्कम, मग ती कितीही लहान असो, एखाद्या माणसाला खराटा घेऊन वर चढायला लावते. तुझ्यासाठी पुढे जे जे मोठं झालं त्यात मला हा शब्द फारसा सापडत नाही.

मग आलं १८९५. टिळकांनी ‘केसरी’त विषय लावून धरला आणि ३० मे रोजी पुण्यात हिराबागेत सभा झाली. हिराबाग म्हणजे आमच्या बिबवेवाडीतून बस धरली तर जेमतेम वीस मिनिटं, आताच्या टिळक रस्त्यावर. पेशव्यांच्या वेळी ती पर्वतीच्या तळ्याकाठची बाग होती. तळं बुजलं, तिथे आता सारसबाग आहे आणि लोक भेळ खातात. मी तिथून जाते तेव्हा मला ती सभा आठवते. म्हणजे मी काही होते असं नव्हे. पण वर्गणीची पहिली सभा कशी असते ते मला पक्कं ठाऊक आहे. पागोटी असोत की टोप्या, पुढच्या रांगेत सरदार, संस्थानिक, वकील, ठराव एकमताने, कमिटीत नावं भराभर पडतात. आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, पैसे कुणाकडे द्यायचे?

पैसे आले. संस्थानिकांकडून आले तसे शाळेतल्या पोरांकडून आले, कारकुनांकडून आले. आण्या-आण्याने आले. त्याच डिसेंबरात पुण्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. त्याचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी बंगालचे, पण तुझ्यासाठी भरलेल्या सभेत तेही बोलले. दोन वर्षांपूर्वीच गणेशोत्सव घराबाहेर मांडवात आला होता. मला वाटतं, मराठी माणसाला सार्वजनिक वर्गणीची सवय लागली ती याच चार-दोन वर्षांत. आज माझ्या हातात जे पावतीपुस्तक आहे त्याची आजी-पणजी शोधायची तर एक मांडवात सापडेल आणि दुसरी तुझ्या पायाशी. राजाची समाधी राजाच्या वारसाने बांधायची, ही जुनी रीत. इथे पहिल्यांदा असं झालं, की जो कुणाचा कुणी नाही अशा माणसाने खिशातला आणा काढला आणि म्हटलं, माझाही वाटा लिहा.

याचा अर्थ कळायला फार लांब जायला नको. आमच्याजवळ वानवडीला शिंद्यांची छत्री आहे. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ ला तिथेच आपल्या छावणीत गेले. त्यांची समाधी, पुढचा देखणा सभामंडप, रंगीत काचा, आत घराण्याच्या तसबिरी. सगळं नीटनेटकं, कारण ग्वाल्हेरचं घराणं मागे उभं होतं आणि आजही त्यांचाच देवस्थान ट्रस्ट ते बघतो. नातवंडांना मी तिथे नेते, त्यांना काचांचे रंग आवडतात. पण तिथे मला वर्गणी आठवत नाही. तू मात्र लोकवर्गणीची आहेस. तुझा प्रत्येक चिरा कुणा न कुणाच्या नावे आहे, फक्त ती नावं आता वाचता येत नाहीत.

१५ एप्रिल १८९६ ला तुझ्यासमोर पहिला मोठा उत्सव झाला. वाटलं असेल, आता झालंच काम. आणि पुढल्या वर्षी पुण्यात प्लेग. जून १८९७ मध्ये शिवाजी उत्सवातली भाषणं ‘केसरी’त छापून आली, आठवड्याभरात २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्या छापील मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. अठरा महिन्यांची शिक्षा. महाराजांसाठी वर्गणी देणं म्हणजे सरकारच्या डोळ्यावर येणं, असे दिवस आले. नोकरीतल्या माणसाने पावतीवर आपलं नाव घालू नका म्हणून सांगितलं असेल, अशी मी कल्पना करते. आमच्या मंडळातही आहेत अशी दोन घरं. पैसे देतात, नाव नको म्हणतात. कारण काय ते मी विचारत नाही.

आता यापुढचा भाग. हाच जिन्यात सांगायचा राहिला होता, आणि हाच मला लिहायला सगळ्यात जड जातोय.

फंडाचे पैसे डेक्कन बँकेत ठेवले होते. ती बँक बुडाली.

समाधी, तू दगड आहेस, तुला बँक बुडणं म्हणजे काय ते कळणार नाही. मला कळतं. मी ज्या बँकेत होते ती तगली, पण आमच्या ओळखीच्या एका संस्थेला टाळं लागलं तेव्हा दाराबाहेर उभे असलेले चेहरे मी पाहिलेत. हातात पासबुक, त्यात शिल्लक स्वच्छ अक्षरात लिहिलेली, आणि ती मिळणार नाही. माणूस आधी रागावत नाही. आधी तो परत परत तो आकडा वाचतो. आपल्या देशात ठेवींना विमा आला तो १९६२ मध्ये, तोही त्याआधी केरळातली पालई सेंट्रल बँक बुडाली म्हणून. आज माणशी पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुझ्या फंडाला असलं काहीही नव्हतं. शाळकरी पोराने दिवाळीच्या फराळातून वाचवलेला आणा आणि सरदाराने दिलेली थैली, दोन्ही एकाच खात्यात होते आणि एकाच दिवशी गेले.

यात कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. ठेवीसाठी बँक निवडणाऱ्यांनीही त्या काळी भरवशाची म्हणूनच निवडली असणार. पण सगळी रक्कम एके ठिकाणी आणि काम वर्षानुवर्षं लांबलेलं, ही दोन कलमं एका कागदावर दिसली की माझ्या पोटात आजही गोळा येतो. वर्गणीचा पैसा साठवायचा नसतो, लावायचा असतो. जमलेल्यात छत्री होत नव्हती, पण तुझ्या सांध्यांत चुना भरून होत होता, एक पगारी माणूस ठेवून होत होता. भव्य स्मारकाची वाट बघता बघता साधी डागडुजी मागे पडते, हे पुण्यातल्या प्रत्येक जीर्णोद्धार कमिटीचं दुखणं आहे. (आमच्या सोसायटीच्या गच्चीचंही. लिफ्ट बदलायची म्हणून तीन वर्षं पैसे साठवतोय आणि तोवर गच्ची गळतेय.)

१ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले. तुझ्यावर छत्री नव्हतीच. तिकडे पुण्यात दुसरं शिवस्मारक निघालं, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पुढाकाराने. १९२१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि १९२८ मध्ये शिल्पकार करमरकरांनी घडवलेला तो अश्वारूढ पुतळा उभा राहिला. त्याच्याजवळून जाताना आजही मान वर होते. पण तुझ्या बाबतीत, जिथे सुरुवात झाली होती तिथे, मंडळी पुन्हा झोळी घेऊन निघाली होती. बुडालेल्या पैशांनंतर पुन्हा वर्गणी मागायला जाणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. दार उघडणारा पहिला प्रश्न हाच विचारतो, मागच्याचं काय झालं? त्या माणसांची मला खरी कमाल वाटते. १८९५ च्या सभेत टाळ्या होत्या. नंतरच्या फेरीत नुसते टोमणे असणार.

अखेर १९२५-२६ च्या सुमारास काम झालं. रायगड स्मारक मंडळाने आपला वाटा घातला, सरकारनेही घातला. जुना अष्टकोनी चौथरा सावरला आणि वर छत्री चढली. हिराबागेतल्या सभेपासून तीस वर्षं. त्या सभेला वडिलांच्या बोटाला धरून गेलेलं पोर असेल तर ते तेव्हा चाळिशीला टेकलेलं.

पुढे तुझ्या शेजारी वाघ्या कुत्र्याचा पुतळा आला, तो तिथे असावा की नसावा यावरून भांडणं झाली, चालूच आहेत. मला त्यात पडायचं नाही. वाघ्याने निदान वर्गणी मागितली नव्हती.

मी तुला पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात असताना, चित्त दरवाजाने पायऱ्या चढून, भर मे महिन्यात. चौदाशेच्या वर पायऱ्या. तेव्हा वर आलेल्या प्रत्येकाला आपण काहीतरी जिंकलंय असं वाटायचं. दुसऱ्यांदा आले ते गेल्या वर्षी, रोपवेतून, गुडघ्यांची माफी मागत. खाली पाचाडला जिजाऊसाहेबांच्या समाधीशी थांबले. राज्याभिषेक ६ जून १६७४ ला, आणि त्या गेल्या १७ जूनला. लेकाचं छत्र पाहून अवघ्या अकरा दिवसांत. तिथे गर्दी नव्हती, एक म्हातारी सावलीला बसून शेंगा सोलत होती. वर आले तर होळीच्या माळापासून माणसांचा लोट. घोषणा, ड्रोन, पोरांच्या गालांवर चंद्रकोरी. बाजारपेठेच्या जोत्यांमधून चालत जगदीश्वरापाशी आले. पायरीवर हिरोजी इंदुलकरांचा तो लेख, अख्खा गड बांधून बक्षीस म्हणून फक्त पायरीवर नाव मागणाऱ्या माणसाचा. लोक त्यावर पाय पडू नये म्हणून उडी मारून जात होते. आणि पलीकडे तू.

मी सवयीने आधी तुझे सांधे पाहिले. माफ कर, लोक डोळे मिटून हात जोडतात, मी वाकून चिऱ्यांमधल्या फटी बघत होते. सुरक्षारक्षकाने विचारलंही, “मॅडम, काही पडलं का?”

आता तुझे दिवस बरे आहेत. पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. २०१७ मध्ये रायगड प्राधिकरण झालं, सुमारे ६०६ कोटींचा आराखडा झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात तुझा गड आहेच. पाच रुपयांपासून सहाशे सहा कोटी! मी हा आकडा सांगितला तेव्हा पोरांपैकी सगळ्यात धाकटा म्हणाला, “मग काकू, आमच्या वर्गणीची गरजच काय?”

प्रश्न चोख होता. मला लगेच उत्तर सुचलं नाही.

मग त्यांना आधी नियम सांगितले, कारण नियम सांगणं मला जमतं. संरक्षित वास्तूवर आपण हौसेने एक घमेलं सिमेंटसुद्धा लावायचं नाही. भावना कितीही थोर असली तरी सिमेंट जुन्या भिंतीचा शत्रू. चुना श्वास घेतो. आत शिरलेलं पाणी तो बाहेर सोडतो, दगड हलला तर थोडा हलतो, आणि भेगा पडल्या तरी हवेतला कर्बवायू घेऊन हळूहळू पुन्हा जुळतो. सिमेंट ताठर. ते पाणी आत कोंडतं, त्यातले क्षार दगडाला पोखरतात, आणि फुटतं तेव्हा दगडाचा ढलपा घेऊन फुटतं. घाण्यात मळलेला, महिनोन्‌महिने भिजवून मुरवलेला चुना, त्यात गूळ, हिरड्याचं पाणी. हे काम येणारे गवंडी थोडे आहेत आणि त्यांची रोजी जास्त आहे. म्हणून ज्या ज्या गावात मंडळी वर्गणी काढून जुन्या देवळाला, समाधीला चकचकीत टाइल्स आणि ऑइलपेंट फासतात तिथे माझा जीव खालीवर होतो. ते प्रेमापोटीच करतात. तेच तर वाईट आहे.

नियम सांगून झाल्यावर उत्तर सापडलं. समाधीचं भागेल रे, मी त्या धाकट्याला म्हटलं. तू भाग्यवान समाधी आहेस. पण या जिल्ह्यात, शेजारच्या जिल्ह्यात, गावोगावच्या वेशीवर, नदीच्या घाटावर, उसाच्या बांधावर किती समाध्या पडल्यात! वीरगळ, तुळशीवृंदावनं, नाव पुसलेले चौथरे. त्या कुठल्या आराखड्यात नाहीत, युनेस्कोच्या यादीत तर नाहीतच. कुणी लेखक येऊन त्यांच्यावर टोमणा मारत नाही, की कुणाला झोंबावं. त्यांच्याकडे आज वर्षाला पाच रुपयेसुद्धा नाहीत. जे १८८३ मध्ये तुझं होतं, ते त्यांचं आत्ता आहे. तिथे त्या पोरांनी फार मोठं काही करायचं नाही. गावकऱ्यांना विचारायचं, ज्या खात्याचं असेल त्या खात्याला अर्ज द्यायचा, आणि पावसाळा संपला की दर वर्षी जाऊन ती दोन पानं खुडायची. एवढ्यासाठी वर्गणी लागते. एसटीचं भाडं, खराटे, हातमोजे, गोणपाट.

“एवढंच?” पोरगा थोडा हिरमुसला. त्याला दरवाजा बसवायचा होता, सागवानी, लोखंडी खिळ्यांचा. बसव की, म्हटलं. पण आधी पाच वर्षं झाडून दाखव.

पंधरा दिवसांनी ते परत आले. आमचं मंडळ नोंदणीकृत आहे, म्हणून ठरलं की पैसे मंडळाच्या खात्यात येतील, वेगळं कलम घालून, आणि खर्चाचा कागद फलकावर लागेल, गणपतीच्या हिशेबाशेजारी. पोरांनी पावतीपुस्तकही छापून आणलं. भगवा रंग, वर तुझंच चित्र, शंभर पानं, प्रत्येक पानाला क्रमांक. एवढी समज आली हे पाहून मला बरं वाटलं.

“पहिली पावती काकूंची,” धाकटा म्हणाला आणि पेन सरसावून बसला. “नाव सांगा.”

माझं नाव त्याला पाठ आहे, तरी विचारलं. मी थोडा वेळ काही बोलले नाही. मग म्हटलं, लिही. नाव, डेक्कन बँकेतले वर्गणीदार. रक्कम, रुपये पाच.

“काकू, हे कोण?”

“लिही आधी. मग सांगते.”

त्याने लिहिलं, वळणदार अक्षरात. अक्षरी रक्कम ‘पाच फक्त’ अशीही घातली. फाडायला गेला तर लक्षात आलं, कार्बन उलटा लागला होता. सगळं त्याच पानाच्या पाठीवर उमटलं होतं आणि स्थळप्रत कोरी. तो पान चुरगाळायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला. चुकलेली पावती फेकायची नसते. तिच्यावर आडवी रेघ मारायची, ‘रद्द’ लिहायचं आणि पुस्तकातच ठेवायची, नाहीतर क्रमांक तुटतो. त्याने रेघ मारली. कार्बन सुलटा केला आणि दोन नंबरची पावती लिहायला घेतली.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

तुझी,
बिबवेवाडीची एक खजिनदार